क्लिफर्डने घासून दिलेली तलवार
क्लिफर्ड ऑल्ड्रॉइडला मी एकोणीस वर्षं ओळखते आणि जवळजवळ तितकीच वर्षं मला तो डोक्यात जातो. शेफील्डच्या एका कारखान्यात तो सुऱ्या-कात्र्यांना धार लावायचा. कारखाना बंद पडल्यावर लोक बागेत गुलाब लावतात. हा बाबा खिशात जाडी मोजायचा व्हर्नियर घालून आमच्या मंडळात आला. आम्ही दर उन्हाळ्यात शेतात तंबू ठोकून पंधराव्या शतकातली लढाई लढतो, बोथट तलवारींनी.

तिथे नकली तलवारी विकणाऱ्या स्टॉलवर हा गिऱ्हाइकासमोरच पातं मोजायचा. "ही तलवार नाही, पट्टी आहे. मुठीपाशी जाड, टोकापाशीही तेवढीच जाड. रुंदीही तीच. असलं पातं तेव्हा कुणी केलं नाही." चीड याची यायची की त्याचं खरं असायचं. तेव्हाची पाती टोकाकडे पातळ आणि निमुळती होत जायची, म्हणून हाताला हलकी लागायची. स्वस्तातल्या नकला तशा नसतात. पण समोरच्याचं तोंड पडलेलं बघून त्याच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरायचं, ते बघून मला त्याला चहाची किटली फेकून मारावीशी वाटायची.

आमच्या मंडळातली लिंडसी बार्न्सली गावात बस चालवते. दोन वर्षं ती भाला धरून मागच्या रांगेत उभी होती. या वर्षी तिला पुढच्या रांगेत तलवारीची जागा मिळाली. सुट्टीच्या दिवशी जादा फेऱ्या मारून तिने परवडेल ती तलवार घेतली आणि सरावाला घेऊन आली.

क्लिफर्डने ती हातात तोलली. "पोरी, हिने तू रस्ता खणणार आहेस की काय?"

सगळे हसले. लिंडसीही हसली, कानापर्यंत लाल होऊन.

"दे इकडे. लढाईच्या आधी नीट करून आणतो."

तिने दिली. वर थँक यू म्हणाली. मी शेजारीच उभी राहून सँडविच खात होते.

लढाईच्या दिवशी शस्त्रं तपासायचं काम माझं. धारेवरून लोकरीचा मोजा फिरवायचा. अडकला तर तलवार बाद. मग टोकावर दहा पेन्सचं नाणं ठेवायचं. टोक नाण्याच्या गोलाईहून अरुंद असेल तरी बाद, कारण लोखंडी टोपीच्या फटीतून ते डोळ्यात जातं. लिंडसीची तलवार फार सुरेख झाली होती. टोक माझ्या करंगळीच्या नखाएवढं होतं.

"लिंडसी, बाद."

"बाद कशी? क्लिफर्डने केलीय."

"म्हणूनच."

जादा तलवार नव्हती. भाल्याची जागा दुसऱ्याला दिलेली. मागे उभा असलेला क्लिफर्ड म्हणाला, "पण आता ती बरोबर आहे. कुठल्याही म्युझियममध्ये नेऊन दाखव."

"मला दाखवायची नव्हती, क्लिफर्ड. लढायचं होतं. आईला बोलावलंय मी."

माझं डोकं फिरलं. "तुझी दे तिला," मी त्याला म्हणाले.

"माझी? माझ्या तलवारीला तू कधी नाणं लावलंस, मॅव्हिस?"

लावलं नव्हतं. त्याचं व्याख्यान टाळायला मी दर वर्षी नुसता मोजा फिरवून त्याला पुढे सोडत होते. आज लावलं. त्याचंही टोक तेवढंच अरुंद होतं.

"बाद," मी म्हणाले, आणि खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला.

लिंडसी त्याच्याकडे वळली. "नाणं लावतात हे तुला ठाऊक होतं. तरी घासलीस?"

क्लिफर्डने आपल्या तलवारीच्या टोकावरून अंगठा फिरवला. मग तो हळू म्हणाला, "मला वाटलं, चालेल. माझी दर वर्षी चालते ना."

लिंडसीने त्याच्यावरची नजर काढली आणि माझ्याकडे बघितलं. मैदानावर ढोल सुरू झाले होते. तिने हातमोजे काढले, माझ्या टेबलावर ठेवले आणि गर्दीत आईला शोधायला निघून गेली.