मामांची उभी गाडी

घरासमोर उभ्या असलेल्या गाडीतून माझ्या बायकोच्या मामांनी जेवढा प्रवास केला, तेवढा सोलापुरात कुणी चालत्या गाडीतूनही केला नसेल. जन्मभर त्यांनी शाळेत भूगोल शिकवला. घाट, बंदरं, नद्यांची मुखं, सगळं फळ्यावर. निवृत्त झाल्यावर मोडीत निघालेली एक पेट्रोलची अँब्युलन्स विकत घेऊन त्यांनी तिचं फिरतं घर केलं. आत पलंग, त्यावर सोलापुरी चादर, मागच्या दाराशी शेगडी, खिडक्यांना मामींच्या जुन्या साडीचे पडदे. अडचण एवढीच, की घर फिरत नव्हतं. चालू केली की गाडी हुडहुडी भरल्यासारखी थडथडायची, सिग्नलला बंद पडायची आणि चढावर फटाके वाजवायची. तरी पाहुणा आला की मामा त्याला गाडीतच बसवत, चहा देत आणि म्हणत, "बसा की निवांत. समजा, आपण आता कोकणात हाव."

इंजिनाचा आवाज ऐकायचं त्यांना वेड होतं. त्यासाठी ते शेजारच्या काकूंना मिक्सर बंद करायला लावत. माझ्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना मामा मांडवामागच्या जनरेटरपाशी उभे होते. अक्षता पडल्यावर जवळ येऊन आशीर्वादाच्या सुरात म्हणाले, "जावईबापू, जनरेटरचं टायमिंग चुकलंय." स्वतःच्या गाडीत ठिणगीची वेळ ठरवणारा डिस्ट्रिब्युटर तर ते रोज जरासा इकडे, जरासा तिकडे फिरवत. गावातले मेकॅनिक म्हणत, इंजिनच बदला. हे ऐकून मामा असे दुखावत, जणू कुणी त्यांना बायकोच बदलायला सांगितली आहे.

यंदा उन्हाळ्याच्या तोंडाला मामींच्या थोरल्या बहिणीचा निरोप आला. आक्का अक्कलकोटच्या पुढं, अगदी कर्नाटकच्या सीमेवरच्या गावात राहतात. त्यांनी अंथरूण धरलं होतं. मामींचं कमरेचं ऑपरेशन झालेलं. त्यांना फार वेळ बसवत नाही, त्यामुळे एसटी नाही की जीप नाही. आडवं पडून जाता आलं तरच जायचं. मामी म्हणाल्या, "मला आक्काला बघायचंय. तुमच्या गाडीतनं न्या."

इतक्या वर्षांत त्यांनी गाडीकडे पहिल्यांदाच काही मागितलं होतं. मामांनी जेवण अर्धवट टाकलं. दुपारभर इंजिन चालू-बंद करत राहिले, पण थडथड जाईना. शेवटी मामीच येऊन पुढच्या सीटवर बसल्या. या गाडीचं इंजिन त्या सीटखालीच असतं.

"माझ्या खाली कुणीतरी सूं करतंय," मामी म्हणाल्या.

"इंजिनाचा आवाज येणारच की."

"इंजिन थडथडतंय. हे सूं येगळं हाय."

मामांनी त्यांना हात धरून उतरवलं, सीट वर केली आणि आवाजाच्या रोखानं बोट फिरवलं. इंजिनाकडून डिस्ट्रिब्युटरला जाणारी एक बारीक रबरी नळी खालच्या अंगानं चिरली होती. मामांनी चिरेवर अंगठा दाबला आणि थडथड थांबली. अंगठा काढला, की पुन्हा सुरू. तिथून हवा आत शिरत होती, म्हणून उभ्या गाडीत इंजिन धड चालत नव्हतं आणि ठिणगीही वेळेवर पडत नव्हती. मामा मात्र इतके दिवस डिस्ट्रिब्युटरलाच दोष देत होते. मी बाजारातून नवी नळी आणली. मामांनी इंजिनाच्या पुलीवरची खूण दिसावी म्हणून तिला खडू लावला, ठिणगीचं टायमिंग बसवलं, बोल्ट आवळला. मग इंजिनाच्या झाकणावर काठोकाठ भरलेला चहाचा कप ठेवला. एक थेंब सांडला नाही. तो कप बघायला त्यांनी अख्खी गल्ली बोलावली आणि काकूंना म्हणाले, "आता लावा तुमचा मिक्सर."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. पहिल्याच चौकात लाल दिवा लागला, गाडी थांबली आणि इंजिन एका लयीत चालत राहिलं. मामांना त्याचा इतका आनंद झाला, की हिरवा दिवा लागला तरी ते तिथंच. मागून हॉर्नचा गजर झाला, तेव्हा निघालो.

आक्का फार वाळल्या होत्या, पण गाडी बघून म्हणाल्या, मला आत न्या. त्यांना उचलून मामींशेजारी पलंगावर निजवलं. मामांनी गावाबाहेरच्या रस्त्यानं हळूहळू फेरी मारली. मागं दोघी बहिणी कानडीत बोलत होत्या, मधेच हसत होत्या. साऱ्या जगाचा भूगोल शिकवलेल्या मामांना कानडी येत नव्हती, मलाही नाही. गाडी परत दाराशी आली. आक्कांना उतरवून घ्यायला त्यांचा मुलगा पुढं झाला. मामांनी त्याला हातानंच थांबवलं, मागं एकदा पाहिलं आणि गाडी पुन्हा त्याच रस्त्याला लावली.