आक्काच्या गडूतली गंगा

फोन आला तेव्हा मी पाटसजवळ बसमध्ये अडकलो होतो आणि मांडीवर आक्काचा गडू होता. कारखान्याकडे निघालेल्या उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ता धरला होता. पुण्याच्या दवाखान्यातून भाचा म्हणाला, "मामा, आता घाई करू नका..."

आक्का माझी थोरली बहीण. नवरा गेल्यापासून दौंडला माझ्याकडेच असे. हा तांब्याचा गडू तिने तरुणपणी काशीहून आणलेला. काशीत मरणाऱ्याला पुन्हा जन्म नाही, आणि ज्याला काशी घडत नाही त्याने निदान गंगेचा थेंब तोंडात घेऊन जावं, एवढंच तिचं शास्त्र. गल्लीत कुणाला घरघर लागली की त्या घरचं माणूस गडू मागायला येई. पाणी उणं झालं की आक्का त्यात भीमेचं ओतून ठेवी.

"आक्का, ह्यात पुण्याची सगळी गटारं आहेत."

"असूं दे की. गंगंत मिसळलं की समदं गंगाच. आन् तुझ्या तोंडात मीच घालनार हाय, तवा बघू कसा थुकतोस!"

दवाखान्यात शुद्ध होती तोवर तिने एकच गोष्ट मागितली. ती आणायलाच मी दौंडला आलो होतो.

घाटावर तिच्या मिटल्या ओठांवर मी पाणी घातलं. ते गालावरून कानाकडे ओघळलं. "आत्मा तृप्त झाला," गुरुजी घड्याळ बघत म्हणाले. दहाव्याला पुढाऱ्यांची भाषणं झाली. तिला जन्मात न भेटलेल्या एकाने तिला त्यागमूर्ती केलं. लाऊडस्पीकरला भिऊन कावळे पैलतीरी गेले आणि पिंडाला काही केल्या शिवेनात. भाच्याने हात जोडले, "आई, अस्थी काशीला नेतो." तरी नाही. "तिचं दुसरंच कायतरी राहिलंय," शेजारचे आबा पुटपुटले. काय राहिलंय ते मला ठाऊक होतं, पण त्याचं वचन आता कोण देणार... शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला.

परवा आबांची सून दारात आली. "मामा, आबांचं काय खरं न्हाई. आक्कांचा गडू देता?"

दिला. काल परत आला, तो पाणी तळाला गेलेलं. फळीवर ठेवलाय. नदी घरापासून लांब नाही. पण आक्काने ओतलेली भीमा गंगा होत असे. मी ओतली तर ती भीमाच राहील.