चादरीमागचं सूप

"भिंतीकडे तोंड करून बसा, मास्तर. आनि सांगा, खरं की खोकं?"

सांडोर गावातल्या एका स्पीकर-कारागिराच्या घरी पाहुण्याचं स्वागत असं व्हायचं. चहा-पाणी नंतर. सातिवलीच्या एका गाळ्यात ते फाटलेले लाऊडस्पीकर दुरुस्त करत. शाळेचा स्पीकर घेऊन मी प्रथम तिथे गेलो. मी शाळेचा साधा ग्रंथपाल, पण त्यांनी मला मास्तर करून टाकलं.

त्यांना आयुष्यात एकच गोष्ट साधायची होती: असा स्पीकर, की त्याचा आवाज खऱ्या आवाजापासून कुणालाही वेगळा ओळखता येऊ नये. परीक्षेला गाणं त्यांना चालत नसे. "गान्यात कोनीपन फसतो." त्यांची परीक्षा सुपात तांदूळ पाखडण्याची. घरात टांगलेल्या चादरीमागे त्यांची बायको, आमच्या वहिनी, सूप घेऊन बसत, शेजारी खोकं, म्हणजे त्यांनी बनवलेला लाकडी स्पीकर. कधी त्या स्वतः पाखडत, कधी त्यांच्याच पाखडण्याचं रेकॉर्डिंग वाजे.

मी दर वेळी ओळखायचो.

"बरोबर," ते म्हणत. "सूप चारी बाजूंनी वाजतं, मास्तर. खोकं नुसतं तोंडानं." आणि पुन्हा लाकूड तासायला बसत.

चादरीमागून वहिनी ओरडत, "खडे निवडतं का विचारा त्याला! मग मी सुटले."

वहिनी गेल्या. आता चादर निघेल, असं मला वाटलं होतं. काही महिन्यांनी त्यांचा निरोप आला.

मी भिंतीकडे तोंड करून बसलो. तांदूळ उडाले, सुपावर पडले. ती सळसळ एका कोपऱ्यातून येत नव्हती, सगळी खोली तिने भरली होती. सूप मधेच थांबलं. खडा सापडला की वहिनी थांबत, अगदी तसंच. मग खडा फरशीवर पडला. वहिनी नाहीत हे मला ठाऊक होतं, तरी मागे वळून बघायचा धीर होईना.

"खरं की खोकं?"

"खरं," मी म्हणालो. त्यांच्या समाधानासाठी नव्हे. मला तसंच ऐकू आलं होतं.

त्यांनी चादर सारली. रिकामा पाट, आणि त्याच्याशेजारी चारही बाजूंना तोंडं असलेलं खोकं.

"जमलं तुम्हाला!"

"जमलं." त्यांनी ते पुन्हा लावलं. तीच सळसळ, तोच थांबा, तोच खडा. "बघा. रोज तिथंच थांबते. खरी असती तर आज दुसरीकडे थांबली असती. तांदूळ काय रोज सारखा असतो?"

मग बटण बंद करून ते चहा ठेवायला उठले. त्यानंतर मला त्यांनी भिंतीकडे कधी बसवलं नाही.

ते गेल्याचं कळल्यावर मी सांडोरला गेलो. चादर तिथेच होती. त्यांची मुलगी "बसा, मास्तर" म्हणाली आणि हातातलं काम पुरं करायला मागच्या पडवीत गेली. मी सवयीने भिंतीकडे तोंड करून बसलो. विचारणारं कुणी नव्हतं.

पडवीतून सळसळ आली. मी ऐकत राहिलो. सूप मधेच थांबलं. कुठे थांबेल, ते मला आधी माहीत नव्हतं.