मांजरेवरचा दोर

गावाचं नाव मी लिहिणार नाही. देवणी तालुक्यात, मांजरा नदीच्या काठावर आहे, एवढं पुरे. माणसांची नावंही बदलली आहेत, एक सोडून.

मी सैन्यात इंजिनीयर रेजिमेंटला हवालदार होतो. पूल बांधणं, सुरुंग काढणं, नदीतून माणसं आणि सामान पार नेणं हे आमचं काम. शेवटची काही वर्षं मी ट्रेनिंग सेंटरला बोटीचा उस्ताद होतो. लोकांना वाटतं, असा माणूस पाण्याला भीत नसेल. उलट आहे. पाणी काय करतं हे ज्याने पाहिलंय, त्याचीच जास्त टरकते. निवृत्त झाल्यावर उदगीरला घर बांधलं, तेसुद्धा चढावर.

त्या सप्टेंबरात पावसाने कहर केला. वरच्या धरणाचे दरवाजे उघडले आणि मांजरेकाठची गावं वेढली गेली. आम्ही सात माजी सैनिक मदतीला गेलो. रबरी बोटी दुसऱ्या गावांत अडकल्या होत्या. आमच्या वाट्याला आलेल्या गावात वीज नव्हती, घराघरातलं धान्य भिजलं होतं. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली रेणुका दिवस भरून बसली होती.

बोट नाही म्हणून गुऱ्हाळावरची काहील घेतली. उसाचा रस आटवायची ही पसरट लोखंडी कढई, चार माणसं आरामात बसतात. गावातल्या एका भोयाने थर्माकोलच्या तराफ्यावरून दोर आणून दिला. आता काहिलीच्या एका कडीला आमचा दोर, दुसऱ्या कडीला गावाचा. एका काठाने ओढायचं, दुसऱ्याने ढील द्यायची. एका केटरिंगवाल्याने लग्नात वापरायचे वॉकी-टॉकी दिले. पलीकडचा सेट शिवाअण्णाकडे होता. अण्णा म्हणजे गावाचा कर्ता माणूस, देवणी बैलांचा शौकीन.

"अण्णा, मी ढील म्हटलं की हात सैल. सोड म्हटलं की दोर सोडून द्यायचा. ओव्हर."

"हाव साहेब."

काहिलीत बसायला मी पुढे झालो, तर नाईक दिगंबरने मला बाजूला केलं. दिगंबर हदगावचा, कमरेला नेहमी सुरा. माझ्याच हाताखाली बोट शिकला, पुढे उदगीरचा जावई झाला आणि तिथेच राहिला.

"उस्ताद, तुम्ही काठावरच बरे. तुमचे पाय लटपटून राहिले. काहील हलंल."

मी शिवी हासडली. पण पाय खरंच लटपटत होते. काळंभोर पाणी, त्यात छपराचे पत्रे, कडब्याच्या पेंढ्या, एक मेलेली म्हैस. प्रवाहाचा आवाज इतका की शेजारच्याशी ओरडून बोलावं लागे.

दुपारपर्यंत पीठ, तेल, औषधं, मेणबत्त्या पोचल्या. दिगंबर दर फेरीला पलीकडून हात हलवायचा आणि मी श्वास सोडायचो. शेवटच्या फेरीत रेणुकाला आणायचं ठरलं. तिला कळा सुरू झाल्या होत्या. सोबत तिची आई, सुंदरबाई. काहील गावाकडून सुटली तेव्हा मी पाहिलं, दिगंबरच्या अंगात लाइफ जॅकेट नव्हतं. दोनच होती. ती त्याने मायलेकींना घातली होती.

नदीच्या मधोमध आल्यावर वरून एक आख्खी बाभूळ मुळासकट वाहत आली आणि गावाच्या दोरात अडकली. दोर धनुष्यासारखा ताणला. काहील एका अंगाला कलली आणि तिच्या काठावरून पाणी आत पडू लागलं. रेणुकाची किंकाळी आमच्यापर्यंत आली.

यावर एकच उपाय असतो. एक दोर सोडायचा. दुसऱ्याच दोरावर राहिलेली बोट प्रवाहच ढकलत काठाला लावतो. हे मी शेकडो जवानांना शिकवलंय.

"अण्णा, दोर सोडा! ओव्हर!"

पलीकडे सगळं गाव दोराला लटकलं होतं आणि टाचा चिखलात रोवून मागे ओढत होतं. जितकं ओढत, तितकी काहील कलत होती.

"सोड! अण्णा, सोड!"

"सोडलं तर जातील की साहेब! आमची लेक हाय तिच्यात!"

तिकडच्या काळ्या मातीत बैल रुतला की गाव असंच दोराला भिडतं. तिथे हात सोडणारा माणूस सगळ्यांच्या मनातून उतरतो. जन्मभर जे केलं तेच ते करत होते. मी सेटवर ओरडत राहिलो. माझा आवाज चिरकला, शेवटी मी रडत ओरडत होतो. इतका मी चकमकीतही भ्यालो नव्हतो.

दिगंबरने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग तो कललेल्या बाजूला सरकून ओणवा झाला. दोर सुटला. काहील उसळून सरळ झाली आणि गरकन फिरली. तिच्यात दोन माणसं दिसत होती.

आम्ही सहा जणांनी दोर धरून ठेवला. काहील आपोआप काठाला लागली. रेणुकाला जीपमध्ये घातलं, उदगीरच्या दवाखान्यात तिला मुलगी झाली. दिगंबर दुसऱ्या दिवशी खालच्या बंधाऱ्याशी सापडला.

पाणी ओसरल्यावर शिवाअण्णा माझ्या घरी आला. दोन्ही तळहात सोलून निघाले होते. ते पुढे करून तो म्हणाला, "साहेब, आम्ही सोडला न्हाई. श्यावटपर्यंत न्हाई सोडला. दोरच तुटला, काय करावं?"

बाभळीत फरफटून त्यांच्याकडचं टोक पिंजलं होतं. त्यामुळे त्यांना तसं वाटलं. मी तोंड उघडणार, एवढ्यात सोबत आलेल्या सुंदरबाईने मान हलवली. तिने काहिलीत डोळ्यांनी पाहिलं होतं. अण्णा पाणी प्यायला आत गेला तेव्हा ती हळूच म्हणाली, "दादा, त्यास्नी सांगू नका. लई जीव लावून धरला हुता. कळलं तर मरंल अण्णा."

अण्णा बाहेर आला. मी म्हणालो, "हाव अण्णा. दोर तुटला."

दिगंबरच्या बायकोला मात्र मी खरं सांगितलं. ती म्हणाली, "सुंदरबाई बरोबर बोलल्या."

त्यांच्याकडचा दोर गावाने मारुतीच्या देवळात ठेवलाय. दरवर्षी दिगंबरच्या नावाने तिथे नारळ फुटतो. मी जातो. अण्णा मला दोराजवळ बसवायचा आणि तेच म्हणायचा, आम्ही सोडला नाही. मी हाव म्हणायचो. गेल्या वर्षी अण्णा गेला, म्हणून आता लिहितोय. गावात दोराला हात लावलेले अजून पुष्कळ जण आहेत, म्हणून गावाचं नाव लिहीत नाही.

काहिलीच्या कडीला राहिलेला वीतभर तुकडा माझ्या ट्रंकेत आहे. तो एका घावात कापलेला आहे, टोक साफ आहे. काठावर माझं सगळं अंग थरथरत होतं. नाईक दिगंबरचा हात थरथरला नव्हता.