नाळेवरची राख

साठ सालाच्या आसपास मी तेल्हाऱ्याजवळच्या एका खेड्यात सरकारी नर्स होते. तिथल्या म्हाताऱ्या सुईणीला मी शिकवलं होतं, की हात साबणानं धुवायचे, पत्ती आणि दोरा उकळायचा, मगच नाळ कापायची. माझ्या आईच्या वयाची बाई, पण सगळं मन लावून ऐकायची.

तिच्या लेकीचं पहिलं बाळंतपण झालं तेव्हा मी अकोल्याला गेले होते. परतले तेव्हा बाळ आठ दिवसांचं होतं. त्याचा जबडा आवळला होता, हात लावला की अंग ताठ व्हायचं. दवाखान्यात न्यायला गाडी जुंपेपर्यंत ते गेलं.

"बाई, मी तं पत्ती उकयली होती," सुईण म्हणाली. "तुमी सांगतलं तसंच केलं. मंग कावून गेलं?"

"नाळेवर काय लावलं होतं?"

"गोवरीची राख. थे तं आमी सदाच लावतो."

गोवरीच्या राखेतून बाळाला धनुर्वात होतो, नाळेला काही लावू नये, हे सांगायचं माझ्याकडूनच राहून गेलं होतं. मी तिला तसं सांगितलं. त्यानंतर कुणी तिला बाळंतपणासाठी बोलवायला आलं, की ती म्हणायची, "नर्सबाईले न्या."