सतराव्या थराचे बाण

केतिल एकतीस उन्हाळे पूर्व आइसलंडच्या डोंगरांत दगडाला भोकं पाडत होता. लाव्हा थंड होताना पृथ्वीची त्या काळची चुंबकीय दिशा स्वतःत धरून ठेवतो. ती वाचायची तर थरातून अंगठ्याएवढी कांडी काढायची आणि वरच्या बाजूकडे रोखलेला बाण तिच्यावर कोरायचा. हे केतिलचं काम. पुढचं वाचन रेक्याविकच्या प्रयोगशाळेत थोरा करायची.

मार्चमध्ये तिनं त्याला बोलावून घेतलं.

"केतिल, सतरावा थर उलटा निघालाय. वरचे-खालचे सगळे नेहमीसारखे. म्हणजे मधेच उत्तर-दक्षिण पालटली आणि परत जागेवर आली. ही पालट कुणाच्याच नोंदीत नाही."

केतिलला त्या थराच्या कांड्या काढल्या तो दिवस आठवला. गुडघा सुजलेला, बोटं गारठून वळत नव्हती, कधी एकदा खाली उतरतो असं झालेलं. त्या सहा कांड्यांची कापून टाकलेली टोकं प्रयोगशाळेतल्या बादलीत पडली होती, ती त्यानं शोधून काढली. गंजलेली, शेवाळ लागलेली बाजू वरची. बाण तिच्याकडे हवा होता. सहाही टोकांवर तो तिच्याकडे पाठ करून होता.

ही टोकं पुन्हा कुणी बघणार नव्हतं. तरी त्यानं ती थोरासमोर ओळीनं मांडली.

"थोरा, बाण मी उलटे काढलेत."

"सगळे?"

"सहाच्या सहा."

तिनं एकेक टोक उचलून फिरवून पाहिलं. "लेख छापायला पाठवून झालाय रे."

"मग परत मागव."

जूनमध्ये दोघं सतराव्या थराच्या कड्यावर चढली. पाण्याचा डबा थोरानंच घेतला. वाटेत केतिल चार वेळा बसला.

"चिडलीयेस का?"

"मार्चमध्ये चिडले होते. आता नुसती दमलेय."

नव्या कांड्या चारचौघींसारख्या निघाल्या. थोरानं लेखातली त्या पालटीवरची दोन पानं काढून टाकली.

"पुढच्या वर्षी मी येत नाही," केतिल म्हणाला.

"गुडघ्यासाठी म्हणत असशील तर नको येऊस. बाणांसाठी म्हणत असशील तर मुकाट्यानं ये."

पुढच्या उन्हाळ्यात तो डोंगरावर गेला. ड्रिल आता दुसऱ्याकडे होतं. केतिल फक्त बाण काढायचा आणि प्रत्येक कांडी दोनदा फिरवून बघायचा. त्याचं होईपर्यंत सोबतचे बाकीचे राय धान्याचा पाव हातात धरून थांबायचे.