सासऱ्यांच्या बाटलीचं बूच

मंडळी, आजची गोष्ट ऐका. सासरे इंग्रजांच्या फौजेत होते. त्यांची पाण्याची बाटली आहे, पण बूच कधीच हरवलेलं. आमचे हे किती वर्षं तसलंच शोधतायत. आम्ही इथे परदेशात मुलाकडे राहतो; आज विंडसरच्या जुन्या वस्तूंच्या बाजारात ते दिसलं, तर एका गोऱ्या म्हाताऱ्याच्या हातात.

तिथली रीत अशी, दुसऱ्याच्या हातातली वस्तू मागायची नाही. हे कुजबुजले, "गप उभी राहा." थंडीने पाय गोठले, मोजेसुद्धा सुनेचे पातळ. पण मी हलले नाही. त्याने चष्मा काढायला बूच खाली ठेवलं, मी लगेच त्यावर हात ठेवला.

"यू आर फास्ट," म्हणाला नि हसला.

पैसे देऊन बूच घेतलं. घरी ह्यांनी ते लावून भरलेली बाटली सिंकवर उलटी धरली. थेंबसुद्धा गळला नाही.

तुम्ही काय शोधताय, सांगा बरं.